पाचवं पद

आमच्या घराच्या चार कबरी एका ओळीत आहेत. पणजोबा, आजोबा, वडील आणि थोरला भाऊ. ईस्टरच्या आदल्या दिवशी गावातली सगळी ख्रिस्ती घरं आपापल्या कबरी झाडून चुना लावून ठेवतात, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना तिथंच असते आणि आपल्या माणसाची कबर मळकी राहिली तर लोक वर्षभर बोलत राहतात. आमच्या घरचं हे काम माझ्याकडं आणि धाकट्या भावाकडं. तो चुना लावतो, मी दगडावरची अक्षरं काळ्या रंगानं गिरवते. फळ्यावर लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालंय, असं तो म्हणतो. खरं म्हणजे बारीक काम त्याला जमत नाही आणि ते कबूल करायचं नसतं.

त्या वर्षी थोरल्या भावाचा दगड नवा होता. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं होतायत न होतायत तोच तो हिवाळ्यात झोपेत गेला होता. आमच्याकडं दगडावर नाव, मृत्यूचा दिवस आणि वय एवढंच कोरतात. मी चारही दगडांवरची वयं एका दमात गिरवली, ब्रश हातात धरून दोन पावलं मागं सरकले आणि तेव्हा ते दिसलं. ८२. ७५. ६८. ६१.

मी मिरजगावच्या बाजूच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. आकडे शेजारी शेजारी दिसले की त्यांच्यातला फरक काढल्याशिवाय माझी नजर पुढं सरकत नाही. एसटीच्या नंबरांचंही मी तेच करते आणि शेजारी बसलेल्या बाईला वाटतं मी काहीतरी जप करतेय. इथं फरक सात होता. पुन्हा सात. पुन्हा सात.

"काय पुटपुटती गं आक्का?" भावानं विचारलं. तो थोरल्याच्या कबरीपलीकडच्या मोकळ्या जागेत उकिडवा बसून चुना ढवळत होता.

"गंमत बघ," मी म्हणाले. काडी घेऊन मातीत चार आकडे लिहिले. "याच्या पुढचं काय येईल?"

आता हे सांगायला हवं की या माणसानं दहावीला गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि मग पुस्तकं माळ्यावर टाकून लिंबाची बाग धरली. लहानपणी त्याला पाढे शिकवताना मी इतक्या चापट्या मारल्यात की त्याचं आजही मला वाईट वाटतं. त्यानं आकड्यांकडं पाहिलं, ओठ हलवले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका झटक्यात बरोबर उत्तर दिलं.

"चोपन."

"शाब्बास!" मी म्हणाले.

शिक्षकाची जीभ फार वाईट. उत्तर बरोबर आलं की ती आधी शाब्बास म्हणते आणि उत्तर कशाचं होतं ते नंतर बघते. भाऊ तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. ओळीतला पाचवा तोच. माझ्या तोंडातून शब्द निघून गेला होता आणि आम्ही दोघंही त्या चार आकड्यांकडं बघत होतो.

"मला यक जूनला चोपन लागंल की," तो सावकाश म्हणाला. मग हसला, पायानं माती सारखी केली आणि चुन्याची बादली उचलली. मी म्हटलं, वेड्यासारखं काही मनात आणू नकोस. तो म्हणाला, तूच लिवलं, मी न्हाई. यावर मला राग आला, आणि तो राग मी त्याच्या चुन्याच्या ओघळांवर काढला.

घरी येऊन मी वही काढली. मला अंधश्रद्धेची चीड आहे. पत्रिका बघणाऱ्या सहकाऱ्यांना मी स्टाफरूममध्ये नको नको करून सोडलंय. वर्गात मी पोरांना सांगायचे की नियम दिला असेल तर पदं काढणं ही सरळ वाट आहे. पदाचा क्रमांक नियमात घाला, उत्तर येतं, कुणी काढलं तरी तेच येतं. पदांवरून नियम काढणं मात्र धोक्याचं, कारण चार पदांत बसणारे नियम हजार असू शकतात. हे सगळं माहीत असूनही मी नियम लिहिला. एकोणनव्वदमधून पदाच्या क्रमांकाची सातपट वजा करायची. पहिलं पद ब्याऐंशी, चौथं एकसष्ट. पाचवं चोपन्न. सहावं सत्तेचाळीस, म्हणजे भावाचा मुलगा, जो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि ज्याचं लग्न ठरत होतं. मी थांबायला हवं होतं, पण एकदा नियम हातात आला की पदं काढायचा मोह आवरत नाही. बारावं पद पाच आलं. तेरावं उणे दोन. जन्माला येण्याआधी दोन वर्षं मेलेलं माणूस कसं असेल, याचा विचार मी स्वयंपाकघरात भांडी घासताना करत होते आणि मला माझीच शिसारी आली.

आई एकोणऐंशी वर्षांची होऊन गेली. तिची कबर पलीकडच्या ओळीत आहे. तिला मध्ये घातलं की सगळा क्रम मोडतो. मी तिला मध्ये घातलं नाही. का घातलं नाही, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

एक जून आला. ती आमच्याकडं निम्म्या गावाची जन्मतारीख. माझीसुद्धा तीच. शाळेत नाव घालायच्या दिवशी आईबापाला तारीख सांगता आली नाही की हेडमास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. ती खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नोकरी, निवृत्ती, आधार कार्ड सगळं तिच्यावरच चालतं, त्यामुळं आपणही तीच खरी मानून बसतो. फार तर दोनचार महिन्यांचा फरक असेल, असं मी धरून चालले होते. म्हणजे एक जूनपासून पुढच्या वर्षीच्या एकतीस मेपर्यंत भाऊ चोपन्न वर्षांचा असणार होता. मला एवढं एक वर्ष पार पाडायचं होतं.

मी काय काय केलं ते आठवलं की आज हसू येतं. विहिरीत उतरून मोटर बघायची नाही, असा हुकूम काढला. मोटारसायकल पोराच्या ताब्यात द्यायला लावली. नगरला नेऊन रक्त, लघवी, छाती, सगळं तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, याच्यापेक्षा तुम्हीच बीपीची गोळी सुरू करा. रोज सकाळी सात वाजता मी त्याला फोन करायचे आणि तो हॅलो न म्हणता म्हणायचा, "हाय अजून." मी म्हणायचे, चेष्टा पुरे. फोन ठेवल्यावर मात्र माझा दिवस सुरू व्हायचा, त्याआधी नाही.

चर्चमध्ये भिंतीवर एक फळी असते, तिच्यावर त्या दिवसाच्या गीतांचे क्रमांक लावतात. ऑगस्टमधल्या एका रविवारी तिच्यावर फक्त चोपन्न होता. बाकीचे दोन आकडे पडले होते की लावायचे राहिले होते, कोण जाणे. मी अख्खी उपासना त्या फळीकडं न बघता काढली आणि प्रवचनातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "बघितलं का?" मी म्हटलं, काय? तो म्हणाला, "काय न्हाई."

त्याच महिन्यात दहावीच्या वर्गाला क्रमिका शिकवत होते. नियम देऊन पहिली पाच पदं काढायला सांगायची होती. पोरं गप्प बसावीत म्हणून आधी फळ्यावर सोपं काहीतरी लिहावं असा विचार केला, पाठ वळवली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर मला दिसलं की मी ८२, ७५, ६८, ६१ लिहिलंय. पुसायला डस्टर उचललं, तेवढ्यात साठ पोरं एका आवाजात ओरडली, "चोपन्न!" कधी नव्हे ते सगळ्यांना येत होतं. कधी नव्हे ते सगळ्यांना पुढं जायचं होतं. सत्तेचाळीस, चाळीस, तेहतीस, असं करत वर्ग खाली उतरत गेला आणि मी डस्टर धरून उभी होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेवटपर्यंत गेली आणि तिनं हात वर केला.

"मॅडम, तेरावं उणे दोन येतंय. चालतं का?"

"चालतं," मी म्हणाले. "क्रमिकेत चालतं." तिनं मान हलवून वहीत लिहून घेतलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी दुसरा नियम शोधला. नुसतं बसून भिण्यापेक्षा आपल्या विषयानं भांडावं. जुन्या नियमाला एक तुकडा असा जोडला की पहिल्या चार पदांना तो शून्य होतो आणि पाचव्याला बरोबर छत्तीस. मग ब्याऐंशी, पंच्याहत्तर, अडुसष्ट, एकसष्ट जसेच्या तसे राहतात आणि पाचवं पद येतं नव्वद. गणिताच्या दृष्टीनं हा नियम पहिल्याइतकाच खरा. रविवारी मी कागद घेऊन बागेत गेले आणि भावाला सांगितलं की तू नव्वद वर्षं जगणार. त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"आन पोरगं?"

मी सहावं पद काढलं. दोनशे सत्तावीस आलं.

"त्येचं लई हुतंय," तो म्हणाला. आम्ही दोघं इतके हसलो की भावजय चुलीवरचं सोडून बाहेर आली. पण संध्याकाळी परत निघताना त्यानं मला विचारलं, "आक्का, सोप्पा नियम खरा असतो का अवघड?" मी म्हटलं, दोन्ही सारखेच. मी खोटं बोलत नव्हते, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

एकतीस मे उलटला. एक जूनला मी सकाळी सातला फोन केला आणि तो म्हणाला, "हाय." अजून हा शब्द त्यानं गाळला होता. दुपारी बागेत जेवण ठेवलं. मटण, भाकरी, भात, गोड म्हणून लापशी. वाड्यावस्तीवरची माणसं आली, त्यांना सांगितलं पोराच्या लग्नाचं नक्की झालंय म्हणून. खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं. भाऊ वाढप्याचं काम करत फिरत होता, ज्याच्या त्याच्या ताटात आग्रहानं रस्सा ओतत होता. मी पाणी आणायच्या निमित्तानं घरात गेले आणि पिठाच्या डब्याला टेकून पोटभर रडले. इतकं हलकं मला बऱ्याच महिन्यांत वाटलं नव्हतं.

आठवडाभरानं थोरल्या भावाची बायको माझ्याकडं आली. तिला कुठलासा फॉर्म भरायचा होता. तिच्या पिशवीत कारखान्याचे कागद होते आणि त्यांवर थोरल्याचं मरतानाचं वय बासष्ट निघत होतं.

"वहिनी, दगडावर एकसष्ट आहे," मी म्हणाले.

"दगडवाल्यानं चूक केली असंल. आता काय त्येचं?"

तिला कळेना की मी एवढी खुश का झाले. एकसष्टच्या जागी बासष्ट ठेवा, की संपला क्रम. फरक सात, सात, सहा. वर्षभर मी ज्या गोष्टीला भ्याले ती एका दगडवाल्याची चूक होती. माझा स्वभाव असा की मला याची खात्री करून घ्यायची होती, लेखी. मी तडक चर्चमध्ये गेले आणि पाळकसाहेबांना जुनी रजिस्टरं काढायला लावली. नवीन होते, तरुण होते, त्यांनी हौसेनं काढली.

दगडवाल्यानं चूक केली नव्हती. आमच्याकडं माणूस गेला की पाळक बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढून जन्मतारीख बघतात, वय मोजतात आणि तेच दगडवाल्याला चिठ्ठीवर लिहून देतात. रजिस्टरमध्ये आईबाप लेकरू घेऊन येतात त्याच दिवशी तारीख लिहिलेली असते, त्यात एक जून नसतो. पणजोबांपासून थोरल्यापर्यंत चारही वयं मी बोटांवर मोजली. ब्याऐंशी. पंच्याहत्तर. अडुसष्ट. एकसष्ट. कारखान्याचा कागद खोटा होता आणि दगड खरे होते.

"अजून कुणाचं बघू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी धाकट्याचं नाव सांगितलं. त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं. सप्टेंबर. ज्वारीच्या पेरणीत झाला असं आई म्हणायची ते बरोबर होतं. पण साल आम्ही धरत होतो त्याच्या पुढचं होतं.

मी तिथल्या लाकडी खुर्चीत बसले. तेव्हा मला तो दिवस आठवला. आई खुरपणीला जायची आणि धाकट्याला सांभाळायला मला शाळा बुडवून घरी ठेवायची. तिसरीतली मी. मला शाळा हवी होती. म्हणून मीच आईच्या मागं लागले की त्याचंही नाव घाला. वय कळायला तेव्हा एकच परीक्षा होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं. त्याचा हात पोचत नव्हता. हेडमास्तरांनी रजिस्टर उघडायला मान खाली घातली आणि मी त्याचं डोकं हातानं दाबून कलतं केलं. बोटं कानाला लागली. "लागला, गुरुजी," मी म्हणाले. पावणेपाच वर्षांच्या पोराला मी सहा वर्षांचं केलं.

आणि आता मी दगडांवरून, खऱ्या वयांवरून, नियम काढला होता आणि त्यात भावाचं खोटं वय घालून वर्ष पार पाडलं होतं. जेवण घातलं तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. ज्या वर्षातून तो सुटला म्हणून मी रडले, ते वर्ष अजून सुरूच व्हायचं होतं.

मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार? तो पुन्हा मोटारसायकल चालवत होता, विहिरीत उतरत होता, माणूस सुटल्यासारखा वागत होता. आधीच्या वर्षी माझ्याकडं धमकावायला कारण होतं. या वर्षी मी गप्प बसून फक्त बघत होते. सप्टेंबर लागला, ती तारीख आली आणि गेली, आणि त्याला कल्पना नसताना तो चोपन्न वर्षांचा झाला. सकाळी सातचा फोन मी सोडला नव्हता. तो म्हणायचा, आता कशाला गं रोज? मी म्हणायचे, सवय.

जानेवारीत त्याला ताप आला आणि उतरेना. पाचव्या दिवशी नगरला दवाखान्यात नेलं. काचेमागची मुलगी फॉर्म भरत होती. नाव, गाव, मग तिनं वय विचारलं.

"चोपन," भाऊ म्हणाला.

मी झटकन त्याच्याकडं वळले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पटकन म्हणाला, "पंचावन. पंचावन लिवा." तापात माणूस काहीही बोलतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्याचा ताप तीन दिवसांनी उतरला. ते तीन दिवस मी त्याच्या खाटेशेजारी बसून सलाईनचे थेंब मोजले. मिनिटाला किती, तासाला किती, बाटली कधी संपणार. संपायच्या वेळेला नर्स येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मी निवृत्त झाले. उन्हाळा गेला, पाऊस आला तसा आला. पोराचं लग्न झालं. मी कॅलेंडरवर खूण केली नव्हती, पण मला किती दिवस राहिलेत ते कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी सातला मी फोन उचलायच्या आत तोच वाजला.

"आक्का, उद्याच्याला ये. ऱ्हायलाच ये."

"का रे?"

"उद्याचा दिस गेला की मला पंचावन लागतंय. खरं खरं."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "माझ्या लग्नाच्या टायमाला बाप्तिस्म्याचा दाखला लागल्ता की. त्यावर मी तारीख वाचल्ती. तवापासून म्हाईत हाय मला."

"मग जेवण? गेल्या वर्षीच्या एक जूनचं?"

"तू वर्षभर झोपली न्हाईस म्हनून. तुला बरं वाटावं म्हनून घातलं जेवान."

म्हणजे ते वर्षही तो माझ्यासाठी घाबरल्याचं सोंग करत होता आणि हे वर्ष न घाबरल्याचं. आणि मी समजत होते की मी एकटीच ओझं वाहतेय. मी त्याला फोनवर मनसोक्त शिव्या दिल्या. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "येताना चहापत्ती आन."

मी गेले. त्या दिवशी त्याला कुणी काही करू दिलं नाही असं नाही, त्यालाच काही करावंसं वाटत नव्हतं. सकाळी थोडा वेळ झाडांखाली फिरला, जेवला, आणि दुपारी ओट्यावर खाटेवर आडवा झाला. भावजय शेजारच्या वस्तीवर गेली होती. मी भिंतीला टेकून बसले. वारा पडला होता. बागेत एक पान हलत नव्हतं आणि कुत्रंसुद्धा कुठं दिसत नव्हतं. त्याला झोपेत श्वास अडकायची खोड आहे. घेतो, सोडतो, आणि मग काहीच नाही. मी वाट बघते. मग एकदम घशातून आवाज होऊन पुढचा येतो. मी मोजायला लागले होते हे मला फार उशिरा कळलं. थोरला असाच गेला असणार, कुणी शेजारी नसताना, एकदा सोडलेला श्वास परत न घेता.

"किती झालं?" भावानं डोळे न उघडता विचारलं.

मी दचकले. "एकशे बारा," मी म्हणाले. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"मोठ्यानं मोज. मला बी कळू दे."

मग मी मोठ्यानं मोजलं. एकशे तेरा, एकशे चौदा. लहानपणी पाढे म्हणून घ्यायचे तसे, पण आता हात न उचलता. तो माझ्या आकड्याबरोबर श्वास घेत होता. दोनशेच्या पुढं कधीतरी त्याला खरी झोप लागली आणि मी पुटपुटत राहिले. दिवेलागणीला भावजय आली तेव्हा माझा आवाज बसला होता. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, घसा धरलाय.

रात्र मी घरात घेतलेल्या त्याच्या खाटेशेजारी बसून काढीन असं ठरवलं होतं, पण मला झोप लागली. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि खाट रिकामी होती. मी उठून उंबऱ्यापर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. तो ओट्याच्या पायरीवर बसून चहा पीत होता. विहिरीवरची मोटर चालू झाली होती, शेतीची लाइट त्या आठवड्यात सकाळची होती, त्याला बागेत दारं धरायला, झाडांना पाणी फिरवायला जायचं होतं.

"पंचावन्न," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला. "झालं का तुझं गनित?"

"झालं."

त्यानं कप पायरीवर ठेवला, खोरं खांद्यावर टाकलं आणि अनवाणी निघाला. मी त्याच्या जागेवर बसले. आता हायसं वाटेल, अशी मी वाट बघत होते. दोन वर्षं मी याच सकाळसाठी जगले होते. आणि मला कळलं की त्या नियमानं मला भिववलं तसंच सांभाळलंही होतं. नियमाप्रमाणं तो पन्नासाव्या वर्षी गेला नसता, त्रेपन्नाव्या वर्षी गेला नसता, आणि ताप आला तेव्हा तो चोपन्नचा नसता तर मी निर्धास्त झोपले असते. भ्यायचं एक वर्ष मला ठरवून दिलेलं होतं आणि बाकीची सगळी मोकळी होती. तो नियम आता मोडला. पुढचं पद नव्वद असेल, छपन्न असेल, आज असेल. ते काढायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

तो झाडांमागं दिसेनासा झाला. पाटाच्या मातीत खोरं पडल्याचा आवाज येत होता, एक, मग एक, मग आणखी एक. मग तो थांबला. मी तिथंच बसून थोडी वाट पाहिली. मोटर चालूच होती. मी उठले आणि त्याला हाक मारली. ओ यायला जरा वेळ लागला.